किंमत कुणी मोजायची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

लहानपणी आमच्या वाड्यामागच्या बोळात जे क्रिकेट चाले त्यात एक टप्पा आउट असे. तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाला चेंडू लागला तरी आउट, आणि माफी मागायलाही फलंदाजानंच जायचं. पलीकडच्या बोळात तुळस नव्हती, गटार होतं, त्यामुळे तिथले नियम वेगळे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बोळ अरुंद, काचा महाग आणि काकूंचा आवाज मोठा, म्हणून ते झाले होते. पत्त्यांचंही तेच. सुट्टीत मामाकडे गेलं की मेंढीकोट मांडायच्या आधी अर्धा तास "आमच्याकडे असं नसतं" यावर भांडण. अशा नियमांना इंग्रजीत 'हाउस रूल्स' म्हणतात. आपण घरचे नियम म्हणू. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचं आहे. खेळ मात्र तुमच्यापैकी पुष्कळांना नवा असेल, आणि नियम आहेत जादूचे.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर. मी त्याला सूत्रधार म्हणते. आपला नाटकातला शब्द मला जास्त बरोबर वाटतो. बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. त्या पात्राची ताकद, अक्कल, त्याच्या पाठीवरच्या पिशवीतलं सामान, त्याला येणाऱ्या भाषा, हे सगळं एका कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनंच, कारण ते सारखं बदलतं. सूत्रधार सांगतो, "तुम्ही पुलाजवळ आलात. पुलावर पहारा आहे." मग आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट लागतोच असं नाही. शेवट नसतो, कुणी जिंकत नाही. आठवड्यातून एकदा भेटून तीच गोष्ट वर्षानुवर्षं पुढे चालवायची. माझ्या आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भातुकलीच की." तिला उत्तर अजून मला सापडलेलं नाही.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर पडला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करीत. आर्नेसन मिनेसोटा विद्यापीठात इतिहास शिकलेले. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार, आणि तीन पुस्तिकांची ती खोकी घरीच बसून भरलेली. त्याच्या मागची परंपरा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना टेबलावर लुटुपुटूची लढाई खेळायला लावत आणि मधे एक पंच बसवत. पंचाचा शब्द अखेरचा असे. आमचा सूत्रधार त्या पंचाचाच वंशज, फक्त गणवेश गेला.

मला त्या पुस्तिकांतली सर्वांत आवडणारी गोष्ट शेवटी आहे. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस कर्त्यांनी वाचकाला जवळजवळ असं सांगून ठेवलं आहे की अडलं तर आम्हाला विचारत बसू नका, तुम्हाला कसं हवं ते ठरवा आणि तसं करा. नियमांच्या पुस्तकानंच घरच्या नियमांना दार उघडून दिलं. पुढे खेळाचा धंदा वाढल्यावर याच गायगॅक्सनी अधिकृत नियमांचा आग्रह धरला ती गोष्ट वेगळी. धंदा झाला की असं होतं.

आता जादू. या खेळातली जादू गायगॅक्सनी बऱ्याच अंशी जॅक व्हान्स या लेखकाच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० सालच्या पुस्तकावरून उचलली. त्यातला जादूगार सकाळी ठरावीक मंत्र पाठ करतो, आणि मंत्र म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर जसं पेपर लिहून बाहेर आलं की जातं, तसं. लढाईच्या खेळाला ही कल्पना फार सोयीची आहे, कारण मंत्र बंदुकीच्या गोळ्यांसारखे मोजता येतात. आज तीन आहेत, एक झाडला, दोन उरले.

पण आजीच्या गोष्टींतली जादू अशी कुठे असते? तिथे अमावास्येची रात्र लागते, सात विहिरींचं पाणी लागतं, ते आणताना मागे वळून बघायचं नाही. वेळ जातो, माणसं लागतात आणि काहीतरी द्यावं लागतं. जगभरच्या गोष्टींत हे असंच आहे. खेळातल्या मोजून झाडायच्या मंत्रांत ते बसत नव्हतं, म्हणून लोक आपापल्या घरी विधींचे नियम करू लागले. काहींनी वेगळे खेळच काढले. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी, सेंट ओलाफ कॉलेजात शिकलेल्या जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन या दोघांनी १९८७ साली 'आर्स मॅजिका' काढला. त्यात मोठ्या विधीसाठी 'व्हिस' नावाचं एक द्रव्य खर्च करावं लागतं. ते गोठलेल्या जादूसारखं असतं, ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत मिळतं आणि वापरलं की संपतं. त्यामुळे त्या खेळातले जादूगार एखाद्या झऱ्याच्या वहिवाटीवरून भाऊबंदांसारखे भांडतात.

मी २००४ साली संख्याशास्त्र शिकायला मिनिआपोलिसला गेले. आर्नेसन यांच्या मित्रमंडळानं हा खेळ पहिल्यांदा खेळला तो त्याच जोडशहरात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. डिसेंबरात चारच्या पुढे अंधार, बाहेर उणे वीस. विभागातल्या एका सहाध्यायानं "शनिवारी काय करतेस?" म्हणून विचारलं. मी काहीच करत नव्हते.

त्या टेबलाचे सूत्रधार टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सगळे त्यांना नावानं हाक मारत. मला ते जमायला वर्ष लागलं. खेळाची छापील पुस्तकं त्यांच्याकडे होती, त्या वेळी चालू असलेली साडेतिसरी आवृत्ती, पण त्यांच्या हाताशी कायम असे ती एक जाड वही. पाठीला चिकटपट्टी लावलेली. तिच्यात त्यांनी वीस वर्षांचे घरचे नियम लिहिले होते आणि पुष्कळसे खोडलेही होते. खोडलेल्याच्या शेजारी तारीख आणि कारण. "अमुक दिवशी याचा गैरवापर झाला." "फार कंटाळा आला." आमच्या सरकारी कचेऱ्यांत अशी वही असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वहीतला विधींचा भाग दोन पानांचा होता. विधी सूर्यास्ताला सुरू करायचा, सूर्योदयाला संपवायचा. मधे मोडला तर सामग्री गेली. एकट्यानं करायचा नाही, निदान तिघं हवेत, आणि तिघांनाही काहीतरी काम हवं, नुसतं बसायचं नाही. सामग्री बाजारातून विकत आणलेली चालणार नाही. हा नियम का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की छापील नियमाप्रमाणे मेलेला माणूस उठवायला पाच हजार सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, आणि एकदा पात्रं श्रीमंत झाली की मरण म्हणजे सोनाराकडची एक फेरी होते. खरंच आहे ते. पुस्तकात हिऱ्याची किंमत आहे, पण तो कुणाचा आणि कुठून आला, हे विचारायचं कारणच राहत नाही. शेवटचा नियम एका ओळीचा होता, जेवढं मागाल तेवढं द्याल. सामग्रीखेरीज विधीला जी किंमत मोजायची, ती या ओळीवरून टेबलावर ठरत असे.

कुणी द्यायचं, ते त्या ओळीत नव्हतं. वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आणून देण्याचं काम माझ्याकडून झालं, आणि त्याचा मला अभिमान नाही.

फेब्रुवारीचा शनिवार होता, २००६ साल. आमच्या गटातली चोर मेली. तिची खेळाडू एका इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी संपवून, चार तास झोपून थेट टेबलावर यायची. गटात ती सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चलाख. तिची चोर आम्हाला वाचवताना पुलावरून पडली. फाशात एक आला, करणार काय? आम्हाला तिला परत आणायचं होतं. सामग्री आमच्याकडे होती, ती आम्ही दुसऱ्याच कामासाठी जमवली होती. तिघं होतो. प्रश्न किंमतीचा. मेलेल्या माणसाचा जीव मागायचा तर जेवढ्यास तेवढं म्हणजे काय?

आमच्याबरोबर एक कैदी होता. शत्रूचा शिपाई, त्याच पुलावर पकडलेला. राजधानीत नेऊन आम्ही त्याला न्यायासनापुढे उभा करणार होतो आणि तिथे तो फाशी जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. मी जादूगारीण. मी हिशेब मांडला. तो मरणारच आहे, आज किंवा पंधरा दिवसांनी. त्याचा जीव विधीत घातला तर एक जीव वाचतो. न घातला तर दोन जातात. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नव्हती. टेबलावरचे दोघं म्हणाले, बरोबर आहे.

नर्स मैत्रीण त्या वेळी खरं तर खेळात नव्हती, तिचं पात्र मेलेलं होतं. ती चिप्स खात बसली होती. तिनं विचारलं, "त्याचं नाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. तीन शनिवार तो आमच्याबरोबर चालत होता, आमचंच सामान उचलत होता.

मग वादाला सुरुवात झाली. एकानं सूत्रधारांना सांगितलं, हे बंद करा, असं चालणार नाही म्हणून वहीत लिहा. दुसरा म्हणाला की खेळ चालू असताना नियम बदलायचा नाही, नाहीतर वहीला अर्थ काय? मला हे दुसरं म्हणणं पटत होतं. बॅट माझी म्हणून मी आउट नाही, असलं राजकारण आम्ही बोळात पुष्कळ पाहिलेलं. सूत्रधारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. आत जाऊन कॉफी आणली. आणि म्हणाले, "वहीत मनाई नाही. आज ते चालेल. फक्त मला तू तोंडानं सांग, तुला ते करायचं आहे. आणि कैदी काय बोलतो ते मी बोलेन."

त्यांनी मनाई केली असती तर मी चिडले असते आणि आठवड्यात विसरले असते. त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मी त्या कैद्याकडे, म्हणजे अर्थात त्यांच्याकडेच, बघत बसले. ते काही करुण वगैरे बोलले नाहीत. कैद्याच्या आवाजात एवढंच म्हणाले, "दोर जरा सैल कराल का? हात बधिर झालाय."

छापील नियमांत एक फार गमतीची तरतूद आहे. ती मला त्या रात्री वाचून दाखवली गेली. मेलेल्याला परत आणायचं तर त्याच्या आत्म्याची परत यायची इच्छा असावी लागते. नसेल तर मंत्र वाया जातो. म्हणजे मेलेल्या माणसाची संमती पुस्तकानं अत्यावश्यक धरली होती. नर्स मैत्रीण म्हणाली, "मग माझं ऐका. मी येणार नाही. असं आणलंत तर मी येणार नाही." ती ओरडली नाही. ती दिवसभर ज्या वॉर्डात असे तिथे माणसांच्या उशाशी संमतीचे कागद असतात, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माघार घेतली. थोर विचार करून घेतली असं म्हणणं खोटं होईल.

पण किंमत राहिलीच होती. रात्र सुरू झालेली, सामग्री मांडलेली, विधी मोडला तर सगळंच जाणार. सूत्रधार म्हणाले, "तुझ्याकडे काय आहे?" मी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सोनं चालणार नव्हतं. हत्यारं बाजारातली. माझी जादूगारीण लहानपणी अनाथ झालेली आणि ड्वॉर्फ लोकांनी, म्हणजे डोंगराच्या पोटात खाणीत राहणाऱ्या ठेंगण्या माणसांनी, वाढवलेली होती. भाषांच्या रकान्यात पहिली भाषा त्यांची होती. मी म्हणाले, "ही देते."

"दिलेलं परत शिकता येणार नाही," ते म्हणाले.

मी खोडरबर मागून घेतला. आता हे ऐकताना तुम्हाला वाटेल, कागदावरचा एक शब्द पुसला, त्यात काय मोठंसं? मलाही तसंच वाटलं होतं. पण दीड वर्ष झालं होतं मला तिथे, मराठी फक्त रविवारी सकाळी फोनवर. शब्द पुसताना कागद जरासा फाटला.

चोर परत आली. कैद्याला आम्ही पुढच्या गावात सोडून दिलं. त्याचं नाव मी शेवटी विचारून लिहून ठेवलं होतं. आज ते आठवत नाही. सूत्रधारांनी त्याच रात्री वहीत जेवढं मागाल तेवढं द्याल याच्या खाली लिहिलं की किंमत ज्याची जाणार त्यानंच स्वतःच्या तोंडानं देतो म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं नाही. बाजूला तारीख. कारणाच्या जागी माझं नाव लिहितील अशी मला भीती होती. त्यांनी लिहिलं, "वीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही."

याचा पुढचा भाग उन्हाळ्यात घडला. फिरत फिरत आमचा गट माझ्या जादूगारिणीच्या गावी, त्या डोंगरात पोचला. तिला वाढवणारी म्हातारी दारात आली आणि बोलू लागली. सूत्रधार मला म्हणाले, "ती काहीतरी सांगते आहे. बराच वेळ सांगते आहे. तुला कळत नाही." आणि गप्प बसले. मला वाटलं आता हा प्रसंग असाच संपणार. तेवढ्यात नर्स मैत्रिणीनं आपला कागद पुढे सरकवला. मधल्या काळात तिच्या पात्राची एक पायरी वाढली होती. अशी पायरी चढली की काही गुण मिळतात, ते कसबांवर खर्च करायचे. चोरानं ते कुलपं उघडण्यावर, लपण्यावर खर्चायचे हे उघड आहे. तिनं दोन गुण मोडून एक भाषा घेतली होती. चोराला परकी भाषा महाग पडते, एकेका भाषेला दोन गुण. ती म्हणाली, "मला येते थोडी. ती विचारतेय, जेवलीस का."

नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की तिनं असं करावं.

नंतरच्या वर्षांत छापील पुस्तकांनीही विधींकडे लक्ष दिलं. २००८ साली चौथी आवृत्ती आली, तिनं विधी हे लढाईच्या मंत्रांपासून अगदी वेगळे काढले, त्यांना वेगळी पोथी, वेगळा वेळ आणि रोख खर्च. कल्पना चांगली होती, पण आमच्यासारखे लोक पैसे जपून ठेवतात आणि विधी करतच नाहीत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं उलट टोक गाठलं. ज्या मंत्रांना विधी अशी खूण आहे ते नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त घेऊन म्हटले की फुकट, मंत्रांच्या शिलकीतून काहीच जात नाही. परिणाम असा की एक छोट्या झोपडीचा मंत्र आहे, त्यात जादूगारासह दहा जण मावतात आणि आठ तास आत कुणाला येता येत नाही. तो रोज रात्री फुकट. अरण्यातली रात्र म्हटली की पूर्वी पोटात गोळा यायचा, आता सगळे झोपडीत जाऊन घोरतात. दहा मिनिटं ही काही किंमत झाली नाही. पुण्यात एवढा वेळ आपण एका सिग्नलला देतो.

त्यामुळे घरच्या नियमांची गरज संपली नाही, वाढलीच. त्यांतला सर्वांत गाजलेला नियम मॅथ्यू मर्सर या सूत्रधाराचा. 'क्रिटिकल रोल' या नावानं २०१५पासून त्यांच्या टेबलावरचा खेळ इंटरनेटवर दाखवला जाऊ लागला आणि तो बघणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एका टेबलाचे घरचे नियम जगभरच्या टेबलांवर गेले. त्यांच्याकडे मेलेल्याला उठवताना हिरा लागतोच, पण तेवढ्यानं भागत नाही. मागे राहिलेल्यांपैकी तिघांपर्यंत कुणीही पुढे येऊन काहीतरी अर्पण करायचं. एखादी आठवण, वस्तू, एखादी कबुली किंवा नुसती विनवणी. त्यावर फासा टाकायचा. अर्पण लागू पडलं तर शेवटच्या फाशाला गाठायचा आकडा तीननं उतरतो, हुकलं तर एकानं चढतो. आकडा सुरुवातीला दहा, आणि ते पात्र आधी जितक्या वेळा परत आलं असेल तितका वाढलेला. शेवटचा फासा पडला की पडला. नाही जमलं तर तो आत्मा परतत नाही.

संख्याशास्त्राची बाई म्हणून मला यात एक गोष्ट फार आवडते. तिघांचीही अर्पणं लागू पडली तर दहाचा आकडा एकावर येतो, म्हणजे पहिल्या खेपेला हमखास यश. तिघंही चुकले तर तेरा, म्हणजे वीस बाजूंपैकी आठच आपल्या. सगळा फरक मागे राहिलेल्या माणसांनी काय पुढे केलं यात. हिऱ्याची किंमत कितीही असो, या गणितात ती कुठेच येत नाही. तो नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मिनिआपोलिसची ती चिकटपट्टीची वही आठवली.

आता माझ्या पुण्यातल्या टेबलाविषयी थोडंसं. २०१६पासून शनिवारी आमच्या बैठकीच्या खोलीत हा खेळ चालतो. आधी विद्यार्थी यायचे, आता सोसायटीतली शाळकरी मुलं येतात. सुरुवातीला एका मुलाच्या आईचा फोन आला, "जादूटोणा वगैरे शिकवत नाही ना हो?" मला राग आला नाही. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्यामागे खरी माणसं, खरे बळी आहेत. अमेरिकेतही १९८०च्या दशकात या खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून कंपनीनं राक्षस-सैतानांची नेहमीची नावंच काढून टाकली. नावं बदलून काय होणार? मी त्या ताईंना म्हटलं, तुम्ही या आणि बसा. त्या आल्या, तीन तास बसल्या, आणि जाताना म्हणाल्या की नुसता हिशेबच आहे की हा.

त्यांच्या फोनमुळे एक नियम मात्र आमच्या वहीत आला. खेळातल्या विधीत कुणाच्याही खऱ्या देवाचं नाव, खरी प्रार्थना, खरा मंत्र घ्यायचा नाही. ज्या शब्दांवर कुणाची तरी आजी रोज हात जोडते ते आमच्या फाशाखाली यायला नकोत.

झोपडीचा प्रश्नही आम्ही सोडवला. पुस्तकात त्या मंत्राला स्फटिकाचा एक छोटा मणी लागतो. आमच्याकडे उंबऱ्याची माती लागते, आणि तीही ज्या घरानं तुम्हाला जेवू घातलं त्या घरची, घरच्या माणसानं स्वतः दिलेली. चिमूटभर माती एका रात्रीपुरती. याचा परिणाम असा झाला की पूर्वी गावं नुसती ओलांडून जाणारी मुलं आता गावात थांबतात, लोकांची नावं विचारतात, विहिरीचा रहाट दुरुस्त करून देतात. एकदा तर त्यांनी एका घरी नुसतीच माती मागितली आणि म्हातारा म्हणाला, आधी बसा, भाकरी खा. ते वाक्य मी सूत्रधार म्हणून बोलले, पण माझ्या तोंडून ते कुठून आलं ते मला माहीत नाही.

मुलांबरोबर खेळताना नियमांच्या फटी फार लवकर दिसतात. किंमत स्वतःची आणि स्वतःच्या तोंडानं, हा नियम मी त्यांना सांगितला तेव्हा आठवीतल्या एका पठ्ठ्यानं विचारलं, "मॅम, हप्त्यानं चालेल का?" विधी आज, फेड पुढल्या वर्षी. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बँका देतात की.

गेल्या शनिवारी मात्र मला उत्तर देता आलं नाही. एका मुलीचं पात्र लढाईत पडलं. तिनं आपल्या कागदाच्या मागे आधीच, बऱ्याच आठवड्यांपूर्वी, लिहून ठेवलं होतं की मी मेले आणि गटात कुणाला वाचवायचं असेल तर माझ्या आठवणी विधीत वापरा, माझी हरकत नाही. तारीख, सही, सगळं. त्याच लढाईत दुसरंही एक पात्र पडलेलं आहे. कागद खरा आहे, अक्षर तिचं आहे, आणि ती स्वतः माझ्यासमोर खुर्चीवर बसलेली आहे आणि म्हणते आहे की तेव्हा लिहिलं होतं खरं, पण आता तिला नक्की सांगता येत नाही. अर्धी मुलं म्हणतात, दिलेला शब्द तो शब्द. अर्धी म्हणतात, आत्ता विचारा. मी सूत्रधार, माझा शब्द अखेरचा, म्हणून सगळी माझ्याकडे बघत होती. मी खेळ थांबवला आणि सगळ्यांना सरबत दिलं.

येत्या शनिवारी पाचला परत बसणार आहोत. वहीतलं पान मी कोरं ठेवलं आहे, वर फक्त तारीख घातली आहे.